सरळ कशाला म्हणायचे?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. तुमसरला एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचे लग्न होते. भंडाऱ्याहून सकाळीच निघालो. मोहाडीच्या पुढे गाडीचे डावे चाक एका खड्ड्यात असे काही आदळले की, शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींनी माझ्या ड्रायव्हिंगचा आणि माझ्या वयाचा एकाच वाक्यात उद्धार केला. त्यानंतर गाडी डावीकडे ओढू लागली. लग्न लागले, जेवणे झाली आणि मी गाडी घेऊन ओळखीच्या एका गॅरेजमध्ये गेलो. ओळखीच्या म्हणजे, १९८६ ते १९८९ अशी तीन वर्षे मी तुमसरला बँकेत अधिकारी होतो, तेव्हा या गॅरेजवाल्याच्या वडिलांचे खाते आमच्या शाखेत होते. वडील आता नाहीत. मुलगा पंचेचाळिशीचा आहे आणि हाताने वडिलांपेक्षाही तरबेज आहे.

त्याने गाडी वर उचलली, वाकलेला टाय रॉड बदलला, व्हील अलाइनमेंट करून दिले. दोन तासांत गाडी बाणासारखी सरळ धावू लागली. समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा मात्र पेटला होता, तो काही विझेना. त्या दिव्यावर एक छोटी मोटार आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा असे चित्र असते. अनेकांनी ते पाहिले असेल आणि अनेकांनी दुर्लक्षही केले असेल.

"काकाजी," तो म्हणाला, "गाडी सरळ चालते. पन आपन सरळ चालून रायलो, हे गाडीले समजत नाही. तिचा झिरो सेट करा लागते. ते माझ्याकडून होनार नाही. नागपूरले जा."

गाडी सरळ चालते, पण ती सरळ चालते आहे हे गाडीला ठाऊक नाही! चाळीस वर्षे आकड्यांत आणि त्यानंतर कादंबऱ्यांत घालवलेल्या माणसाला हे वाक्य स्वस्थ बसू देईना. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या मुलाने गाडीला लॅपटॉप जोडला, स्टिअरिंग सरळ धरले, एक बटण दाबले आणि दिवा विझला. काम दहा मिनिटांचे होते. त्या दहा मिनिटांसाठी माझा एक दिवस गेला. परत येताना मी स्वतःला विचारत होतो की, त्या दहा मिनिटांत नेमके झाले काय? पुढचे काही महिने पुस्तके चाळून आणि जाणकारांना विचारून जे उमगले, ते वाचकांसमोर ठेवतो. कारण प्रश्न माझ्या एकट्याच्या गाडीचा नाही.

जुन्या काळी स्टिअरिंग हा सरळ व्यवहार होता. हातात चाक, चाकाला दांडा, दांड्याच्या टोकाला दाते आणि पुढे रस्त्यावरची चाके. हाताचे बळ लोखंडातून थेट रस्त्यापर्यंत जायचे. तुमसरच्या माझ्या दिवसांत धानाची पोती आणि खाणीतले मँगनीज भरलेले ट्रक वळवताना ड्रायव्हर सीटवरून अर्धवट उठून सगळे अंग चाकावर टाकत, हे मी रोज पाहिले आहे. त्यांचे खांदे पाहून माणूस ट्रक चालवतो हे ओळखता येई. अमेरिकेत १९५१ साली क्रायस्लरच्या इंपीरियल गाडीत तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग आले. पुढे १९८८ साली जपानच्या सुझुकी कंपनीने आपल्या सर्व्हो या छोट्या गाडीत तेलाऐवजी विजेची मोटर बसवली. तेलाचा पंप इंजिनाबरोबर सतत फिरत राहतो. विजेची मोटर फक्त वळताना वीज घेते. इंधन वाचते, जागा वाचते. आज आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत हेच विजेचे स्टिअरिंग असते, आणि म्हणूनच माझ्यासारखा साठी ओलांडलेला माणूस एका हाताने गाडी वळवू शकतो.

पण मोटर मुकी आणि आंधळी असते. कुठल्या बाजूला आणि किती जोर लावायचा, हे तिला कुणीतरी सांगावे लागते. त्यासाठी स्टिअरिंगच्या दांड्यात मध्ये एक बारीक सळई बसवलेली असते. आपण चाक वळवले की ती किंचित पिळली जाते, जेमतेम काही अंश. त्या पिळाच्या एका टोकाला चुंबकाचे कडे आणि दुसऱ्या टोकाला लोखंडाचे कडे असते. पीळ पडला की दोघांची जागा एकमेकांच्या तुलनेत सरकते, त्यांच्यामधले चुंबकीय क्षेत्र बदलते आणि शेजारी बसवलेली चिप ते ओळखते. हाताचे बळ असे आधी चुंबकाच्या भाषेत सांगितले जाते आणि मग मोटर ते लोखंडाच्या भाषेत पुढे नेते.

चुंबकाची भाषा विजेला कळते, हे कुणी शोधले? अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १८७९ साली एडविन हॉल नावाचा एक विद्यार्थी होता. वय तेवीस. मॅक्सवेलसारख्या थोर शास्त्रज्ञाच्या ग्रंथात त्याने वाचले की, चुंबकाचा जोर तारेवर पडतो, तारेतून वाहणाऱ्या विजेवर नाही. त्याला हे पटेना. त्याने काचेवर सोन्याचा पातळ वर्ख चिकटवला, त्यातून वीज सोडली आणि तो वर्ख चुंबकाच्या क्षेत्रात धरला. वीज खरोखरच एका कडेला ढकलली जाते आणि वर्खाच्या दोन कडांमध्ये अगदी किंचित दाब तयार होतो, हे त्याला दिसले. ग्रंथात लिहिले आहे म्हणून तो गप्प बसला नाही. आज त्याच्या नावाचा 'हॉल परिणाम' मोटारींत ठिकठिकाणी राबतो आहे.

आता माझ्या गाडीतल्या दिव्याकडे येऊ. दांड्यातला पीळ हाताचा जोर सांगतो, पण चाक किती अंशांनी वळले आहे, हे सांगणारा आणखी एक चुंबकीय साक्षीदार स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो. पूर्वी हे काम घासणाऱ्या पट्टीवर किंवा प्रकाशाच्या किरणांवर चालायचे. पट्टी झिजते, किरणांना धूळ अडवते. आपल्याकडे धानाच्या कोंड्याची धूळ काय असते, हे तुमसरकरांना सांगायला नको. चुंबकाला मात्र स्पर्शाची गरज नाही. धूळ, वंगण, प्लास्टिक यांच्या आरपार त्याचे काम चालते. आणि मेमध्ये बंद गाडी भट्टी होते, तेव्हा चुंबक थोडा क्षीण झाला तरी बिघडत नाही. कारण चिप चुंबकाचे बळ मोजत नाही, त्याची दिशा पाहते. होकायंत्राची सुई जुनी आणि अशक्त झाली तरी ती उत्तरच दाखवते, तसेच.

अडचण एकच. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन-साडेतीन फेरे फिरते. एक पूर्ण फेरा झाला की चुंबक पुन्हा पहिल्या जागी. मग हा पहिला फेरा की दुसरा, हे कसे कळणार? यावरची युक्ती पाहून मला आपल्या पंचांगाची आठवण झाली. नुसता 'सोमवार' म्हटले तर कुठला सोमवार? नुसती 'पंचमी' म्हटली तर कुठली? वार सात दिवसांनी परततो, तिथी पंधरवड्याने. पण 'सोमवारी आलेली पंचमी' म्हटले की दिवस पुष्कळसा नक्की होतो. दांड्यावरच्या मोठ्या चक्राला दोन लहान चक्रे जोडलेली असतात, एकाला दुसऱ्यापेक्षा दाते थोडे कमी. दोघांवर एकेक चुंबक. दोघांची चाल वेगळी, म्हणून दोघांचे कोन एकत्र वाचले की चाक कुठल्या फेऱ्यात आणि किती अंशांवर आहे, हे नेमके सांगता येते. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली तरी.

महागड्या गाड्यांत स्टिअरिंगचा अख्खा दांडाच मोटरने पुढेमागे आणि वरखाली होतो. मालक दार उघडतो, चाक अदबीने मागे सरकते. तो बसला की त्याच्या सवयीच्या जागी येते. तिथेही मोटरच्या आसावर चुंबकाचे कडे असते आणि हॉलची चिप त्याचे फेरे मोजते. पण अशी मोजणी करणाऱ्या गाडीने बॅटरी काढल्यावर हिशेब विसरला, तर दांड्याला एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला नेऊन मोजणी नव्याने सुरू करावी लागते. आम्ही बँकवाले याला आरंभीची शिल्लक म्हणतो. ती हरवली की नंतरच्या जमा-खर्चाच्या नोंदी कितीही बिनचूक असोत, त्यांना अर्थ उरत नाही.

आणि नेमके हेच माझ्या गाडीचे झाले होते. चुंबक शाबूत, चिप शाबूत, दोन्ही चक्रे शाबूत. पण टाय रॉड बदलला, चाकांची ठेवण नव्याने जुळवली, आणि 'सरळ' या शब्दाचा अर्थच काही अंशांनी सरकला. चुंबक कोन अचूक सांगतो. मात्र कुठल्या कोनाला सरळ म्हणायचे, हे त्याला माहीत नसते. ते माणसाने सांगावे लागते.

बँकेत आमची तिजोरी एका किल्लीने कधी उघडत नसे. एक किल्ली मॅनेजरकडे, एक रोखपालाकडे. गाडीतही महत्त्वाच्या जागी एकाऐवजी दोन चिपा बसवलेल्या असतात. दोघींचे आकडे जुळले तरच त्यांच्यावर विश्वास. न जुळले तर यंत्रणा कबूल करते की मला नक्की माहीत नाही, आणि दिवा लावून बाजूला होते. बाहेरून येणारे चुंबकीय क्षेत्र फसवू नये म्हणून चांगल्या चिपा दोन ठिकाणी मोजून वजाबाकी करतात. बाहेरचा गोंधळ दोन्हीकडे सारखा असतो, तो वजा होतो. हे सारे वाचून मला माझ्या शाखेतल्या रात्री आठवल्या. दहा पैशांचा फरक निघाला तरी हिशेब जुळेपर्यंत कुणी घरी जात नसे. एक यंत्र इतके प्रामाणिक असते, याचे मला कौतुक वाटले. पण वर्षभराचे खाते जुळूनही आरंभीची शिल्लकच चुकीची असेल, तर जुळलेले खातेसुद्धा खोटे बोलते. दोन साक्षीदार एकमताने चुकू शकतात.

याने काय बिघडते? १९९७ च्या ऑक्टोबरात स्वीडनमध्ये एका मोटार मासिकाने मर्सिडीजची नवी 'ए क्लास' गाडी तपासली. रस्त्यावर अचानक सांबराच्या कुळातला मोठा प्राणी आला आणि ड्रायव्हरने झटकन वळवून पुन्हा सरळ केले, तर काय होते, अशी ती चाचणी होती. गाडी उलटली. मोठा गवगवा झाला. कंपनीने मग त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीत तोल सांभाळणारी यंत्रणा बसवली. आधी १९९५ साली ती फक्त महागड्या एस क्लास गाडीत आली होती. ही यंत्रणा दोन गोष्टी ताडून पाहते. स्टिअरिंगच्या कोनावरून ड्रायव्हरला कुठे जायचे आहे ते, आणि दुसऱ्या एका उपकरणावरून गाडी प्रत्यक्षात कुठे वळते आहे ते. दोन्हींत अंतर पडले की ती एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी मार्गावर आणते. साकोलीहून नागझिऱ्याकडे रात्री जाणाऱ्यांना हे वेगळे समजावून द्यायला नको; आपल्याकडे त्या प्राण्याऐवजी रानडुक्कर किंवा नीलगाय आडवी येते, एवढाच फरक.

माझा पिवळा दिवा या यंत्रणेचा होता. 'सरळ' कशाला म्हणायचे हेच ठाऊक नसल्याने तिने हात वर केले होते. स्टिअरिंग चालत होते, ब्रेक लागत होते. पण संकटाच्या क्षणी जो अदृश्य हात मदतीला यायचा, तो येणार नव्हता. "दिवा लागतो, पण गाडी चालते ना?" असे म्हणत किती कुटुंबे महिनोन्‌महिने अशा गाड्यांतून लेकराबाळांना घेऊन फिरत असतील? त्यांना बेफिकीर म्हणणे सोपे आहे. पण दहा मिनिटांच्या कामासाठी साठ-सत्तर किलोमीटर जायचे असेल, तर माणूस दिव्याकडे पाहायचे सोडून देतो.

या शोधात मला एक धागा सापडला, तो भंडाऱ्याच्या माणसाला सुखावणारा आहे. १९८८ च्याच सुमारास फ्रान्सचे आल्बेर फेर आणि जर्मनीचे पीटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, धातूंचे अत्यंत पातळ थर एकावर एक रचले तर चुंबकाच्या दिशेनुसार त्यांचा विजेला होणारा अडथळा मोठ्या प्रमाणात बदलतो. २००७ साली त्यांना नोबेल मिळाले. या शोधावर बेतलेल्या कोन मोजणाऱ्या चिपांत एक थर बाहेरच्या चुंबकाबरोबर मोकळा फिरतो आणि दुसरा थर खुंट्याला बांधल्यासारखा एकाच दिशेला अडकवून ठेवलेला असतो. त्या दोघांमधला फरक म्हणजे कोन. दुसऱ्या थराला अडकवून ठेवणारा खुंटा बहुधा इरिडियम आणि मँगनीज किंवा प्लॅटिनम आणि मँगनीज यांच्या मिश्रणाचा असतो. मँगनीज! ज्या तुमसर तालुक्याच्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून पिढ्यान्‌पिढ्या ते निघत आले, तेच मूलद्रव्य. अर्थात त्या चिपेतले कणभर मँगनीज आपल्याच खाणीतले आहे, असा दावा मी करणार नाही. पण आपण ज्याला लाल-काळी माती म्हणून ट्रकमध्ये भरून पाठवतो, त्याच्या आधारावर कुठेतरी एखादी गाडी 'सरळ' ओळखते आहे, हे आपल्या शाळेतल्या मुलांना सांगायला काय हरकत आहे?

तशी मोटारीच्या धंद्यात आपला जिल्हा परका नाही. वरठीचे पोलाद मोटारींच्या भागांसाठी जाते. लाखनीजवळ गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून आहे. खनिज आपले, पोलाद आपले, कष्ट आपले. आपल्याकडे आली नाही ती एकच गोष्ट, ती म्हणजे बिघडलेल्या यंत्राला पुन्हा 'सरळ' शिकवण्याची विद्या.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. १९८८ साली या गॅरेजवाल्याचे वडील माझ्याकडे कर्जाचा अर्ज घेऊन आले होते. त्यांना चाकांची ठेवण जुळवण्याचे यंत्र घ्यायचे होते. मी तरुण होतो, नियमपुस्तकावर माझी फार श्रद्धा होती. अर्जावर मी शेरा मारला, 'स्थानिक मागणी अपुरी. नागपूर येथे सुविधा उपलब्ध.' ते काही बोलले नाहीत. नमस्कार करून गेले. जपानमध्ये स्टिअरिंगला विजेची मोटर लागली आणि युरोपात धातूंच्या थरांचा शोध लागत होता, त्या सुमारास तुमसरच्या एका साहेबाने ठरवून टाकले की, तुमसरच्या गाड्यांना सरळ करायचे तर नागपूरलाच जावे लागेल. ते यंत्र मुलाने पुढे स्वतःच्या बळावर घेतले. आणि आज सदतीस वर्षांनी मी त्याच गॅरेजमध्ये उभा होतो आणि मला ऐकावे लागले, 'नागपूरले जा.' माझाच शेरा मला परत वाचून दाखवल्यासारखे वाटले.

आता कुणी म्हणेल, ही यंत्रणा जिवाशी खेळणारी आहे, ती कुणाच्याही हाती कशी द्यायची? आक्षेप रास्त आहे. स्टिअरिंगमध्ये एअरबॅगही असते. अजाण हात लागला तर ती तोंडावर फुटू शकते. पण अजाण हात शहाणा करणे हा त्यावरचा उपाय आहे, तो कापून टाकणे हा नव्हे. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने एक संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारी आणि शेतीची अवजारे हे विषय घेतले आहेत. पाऊल योग्य दिशेने आहे. मात्र हक्क संकेतस्थळावर मिळतो, विद्या तिथे मिळत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने दुर्मिळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधने घातली, तेव्हा आपल्या मोटार उद्योगाचा श्वास अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने असे चुंबक देशातच बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. चांगली गोष्ट आहे. पण चुंबक बनवायला कोटी आणि चुंबकाचे म्हणणे समजून घ्यायला शून्य, हा हिशेब माझ्या बँकवाल्या डोक्याला जुळत नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. त्याच इमारतीत, चालत्या गॅरेजवाल्यांसाठी, संध्याकाळी, मराठीतून, या उपकरणांचा वर्ग का भरू नये? पुस्तिका मराठीत का असू नये? परीक्षा घ्या, प्रमाणपत्र द्या, आणि ज्याच्याकडे ते आहे त्याला कंपन्यांनी गाडीची कुलपे उघडून द्यावीत.

कारण पुढचा काळ आणखी कठीण आहे. आजवर निदान एक दिलासा होता की, सगळी वीज गेली तरी हात आणि चाक यांच्यामध्ये लोखंडाचा दांडा आहे. स्टिअरिंग जड होईल, पण वळेल. २०१३ साली निसानच्या इन्फिनिटी क्यू-५० गाडीत हात आणि चाकांमध्ये फक्त विजेचा संदेश आला. लोखंड होते, पण संकटापुरते राखीव. २०२३ साली बाजारात आलेल्या टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये ते राखीव लोखंडही नाही. तिथे स्टिअरिंगवरच्या चुंबकाची साक्ष हीच एकमेव साक्ष. आज ना उद्या असे वाहन आपल्या रस्त्यावर येईल, तेव्हा त्याची साक्ष तपासणारा माणूस तुमसर, पवनी, लाखांदूरला असणार की नाही?

तोवर घरोघरच्या वाचकांना एक विनंती. टायर, टाय रॉड, अलाइनमेंट असे कुठलेही काम केले की बिल देण्यापूर्वी विचारा, "स्टिअरिंगचा झिरो सेट केला का?" आणि तो पिवळा दिवा विझत नसेल, तर तो सवयीचा होऊ देऊ नका.

गेल्या महिन्यात पुन्हा तुमसरला गेलो होतो, मुद्दाम. मुद्रा योजनेचा अर्ज बरोबर नेला होता. गॅरेजच्या बाकावर बसून आम्ही दोघांनी तो भरला. तपासणीचे यंत्र, लॅपटॉप, प्रशिक्षणाचा खर्च. तो म्हणाला, "मशीन तर घेऊ, काकाजी. पन ते काय सांगून रायलं, हे समजावनारा पायजे ना." त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, म्हणून तर हा लेख लिहिला. अर्जाच्या शेवटी एक रकाना होता, 'व्यवसायाची स्थानिक गरज'. तो मी त्याला लिहू दिला नाही. पेन मागून घेतले आणि माझ्या अक्षरात लिहिले, 'पुरेशी आहे. फार पूर्वीपासून होती.'